सातवा लाभ

आबा, तुमचं तेरावं काल झालं. पंगती उठल्या, पाहुणे पौडच्या रस्त्याला लागले, आणि मी रोजच्यासारखी संध्याकाळी पाचला शाळेच्या ओसरीवर येऊन बसले. तुम्ही आला नाहीत. माझी तुमच्यावरची पहिली तक्रार हीच, की अठ्ठावीस हजार एकने भागून झाल्यावर तुम्ही मधेच उठून गेलात. चालू गणित टाकून वर्गातल्या एकाही पोराला मी असं उठू दिलेलं नाही.

दुसरी तक्रार माझी माझ्यावरच आहे. ती शेवटी सांगते. आधी सांगितली तर तुम्ही खो खो हसत सुटाल आणि बाकीचं ऐकायचं राहून जाईल.

आपली ओळख तांदळानं झाली, आठवतं? मी पुण्याहून या गावात नवी मास्तरीण म्हणून आले त्याला दोनच महिने झाले होते. किलो आणि ग्रॅम पुस्तकात आले होते, गावात यायचे होते. वय चोवीस, आणि गणितात आपल्याला फार कळतं अशी माझी पक्की समजूत. शाळा सुटल्यावर करमायचं नाही म्हणून मी फळ्यावर आकड्यांशी खेळत बसायचे. तुम्ही नवा आंबेमोहोर घेऊन आलात, नव्या बाईंना घरटी थोडा द्यायची रीत म्हणून. ओसरीवर बसून अधोलीच्या मापानं माझ्या डब्यात ओतायला लागलात.

"लाभ," तुम्ही म्हणालात. मग दुसरी अधोली, "दोन."

"आबा, एक कुठं गेला?" मी विचारलं. मला वाटलं, म्हातारा मोजायला चुकला.

"पयल्या मापाला एक म्हनत न्हाईत, बाई. लाभ म्हनायचं. मंग दोन, तीन." आणि डबा भरल्यावर मूठभर तांदूळ आणखी टाकलेत. "ही वरची मूठ. ही मापात धरत न्हाईत."

तुम्ही गावच्या खळ्यांवर माप घालता, तुमच्या तोंडचा आकडा दोन्ही बाजूंना मान्य असतो, भाऊभाऊ भांडले तरी वाटणीला तुम्हालाच बोलावतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त मनात हसले. मग तुमचं लक्ष फळ्याकडे गेलं.

फळ्यावर मी एकाखाली एक, नुसत्या एकांच्या संख्या मांडल्या होत्या. अकरा, एकशे अकरा, एक हजार एकशे अकरा, अशा दहा एकांपर्यंत, आणि प्रत्येकीपुढं तिचे तुकडे. एकशे अकरा म्हणजे तीन गुणिले सदतीस. पाच एक म्हणजे एकेचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सात एकांनी मला दोन दिवस छळलं होतं, ते दोनशे एकोणचाळीसनं तुटले. दहा एक तुटले अकरा, एकेचाळीस, दोनशे एकाहत्तर आणि नऊ हजार एक्क्याण्णव अशा चार तुकड्यांत. शेवटच्या ओळीत अकरा एक होते आणि त्यांच्यापुढची जागा रिकामी होती.

"समदे लाभच मांडल्यात की," तुम्ही म्हणालात. "आन ह्याच्याफुडं काय न्हाई?"

"तो तुटत नाही," मी मास्तरणीच्या आवाजात सांगितलं.

"तुमी बघितला तोडून?"

मी बघितला नव्हता. पाच-पन्नास आकडे लावून बघितले होते आणि कंटाळून सोडून दिलं होतं. पण ते कबूल करायचं कसं? मी म्हटलं, बघितला. तुम्ही नुसतं माझ्याकडे बघून मान हलवलीत आणि रिकामी टोपली उचलून निघून गेलात. दुसऱ्या दिवशी पाचला हजर. तुमची जुनी चौथी झालेली, पावकी, निमकी, औटकी, सगळे पाढे पाठ, आणि भागाकार माझ्यापेक्षा सुबक. "बाई, म्या सातापास्नं लावून आनलंय, त्येवडं बघा," म्हणत तुम्ही कागद पुढं केलात. माझं खोटं तुम्ही न बोलता असं उघडं पाडलंत, आणि त्याबद्दल मी तुमचे आभार कधीच मानले नाहीत. आज मानते.

अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. तुम्हाला हा आकडा मोठ्यानं म्हणायला किती आवडायचा. बैलांना पाणी दाखवताना म्हणायचात, नांद्याला मेव्हण्याकडे चालत जाताना म्हणायचात. मावशींनी, तुमच्या कारभारणीनं, एकदा मला विचारलं होतं की, बाई, ह्यो मंतर कशावरचा हाय.

मग आपली रीत बसली. रोज दोन मूळसंख्या, सुट्टीच्या दिवशी चार. मूळसंख्या म्हणजे स्वतःच न तुटणाऱ्या. त्यांनीच भागून बघायचं, बाकीच्यांनी भागणं म्हणजे वाया मेहनत, हे मी एकदाच सांगितलं आणि तुम्हाला एकदाच कळलं. त्या काढायलाही आपण चाळणी लावली. दोनाच्या पटीतले गाळले, तिनाच्या गाळले, पाचाच्या गाळले. "तांदूळ निवडल्यावानीच हाय," तुम्ही म्हणालात आणि माझ्या दुप्पट वेगानं गाळत सुटलात. एक लाख पाच हजारांच्या थोडं पुढंपर्यंत जायचं, तोवर नाही तुटला तर कधीच तुटणार नाही, कारण दोन तुकड्यांतला धाकटा त्याच्या आतच असायला हवा. हेही तुम्ही एका दमात मान्य केलंत. तुम्ही भागायचं आणि मी ताळा करायचा. भागाकाराला भाजकानं गुणून बाकी मिळवायची, सगळे एक आले की लाल शाईनं बरोबरची खूण. परीक्षेचे पाठकोरे कागद मी द्यायचे आणि मावशी दाभणानं त्यांच्या वह्या शिवायच्या. अशा सव्वीस वह्या झाल्या.

बाकी एक उरली की तुम्ही खूश. बाकी तीन हजार सातशे उरली तर तुम्ही नुसते "हं" म्हणायचात, पण एक उरला की "बाई, लाभ उरला" म्हणून कोपरीच्या खिशातनं कागदात बांधलेला गुळाचा खडा काढायचात. अर्धा मला, अर्धा तुम्हाला. दोन, पाच आणि अकरा या तिघांनी पहिल्याच आठवड्यात तीन लाभ दिले. मग एकेचाळीसनं दिला, दोनशे एकाहत्तरनं दिला. त्यानंतर दीड वर्षं गूळ तुमच्या खिशात तसाच फिरला आणि नऊ हजार एक्क्याण्णवला सहावा लाभ आला. तोवर त्या खड्याला तंबाखूचा वास लागला होता. तरी मी खाल्ला.

आपण भांडलोही काय कमी? एक ही मूळसंख्या का नाही, यावर आठवडा गेला. तोही तुटत नाहीच की, असं तुमचं म्हणणं. मी म्हटलं, नियम आहे. नियम कुणी केला, तुम्ही विचारलंत. मग तुम्हीच तोड काढलीत. "एक म्हंजी लाभ. त्येला मोजणीत धरायचं न्हाई, आन सोडायचंबी न्हाई." याहून बरं उत्तर मला आजतागायत कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही, पण त्या वेळी मी नाक मुरडलं होतं.

खरं भांडण झालं ते प्राध्यापकांवरून. दिवाळीत मी पुण्याला गेले होते, तिथं भावाच्या कॉलेजातल्या गणिताच्या प्राध्यापकांना मी आपला आकडा दाखवला. ते म्हणाले, याला तोडणारी जी कुठली मूळसंख्या असेल तिला बावीसनं भागलं तर बाकी एकच उरणार. बाकीच्यांना हात लावायचं कारणच नाही. म्हणजे दहातल्या नऊ गाळता येतात. मी धावतच आले. वाटलं, तुम्ही मला डोक्यावर घेऊन नाचाल.

"त्या सायबांनी समदं मोजून बघितलंय का?" तुम्ही विचारलंत.

"मोजायची गरज नाही आबा. ते सिद्ध करता येतं."

"बाई, मापात मदल्या पायल्या सोडून मोजत्यात व्हय? उद्या कुनी म्हनंल, गेनबा, ह्या पोत्यात तांदूळच हाय, खाली हात घालू नगा. घालू नगं म्हनलं की म्या आदी थितंच घालतो."

मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. ताळा तेवढा करायचे आणि वही पुढं सरकवायचे. तुम्ही शांतपणे एक एक भागत राहिलात. शेवटी मीच बोलले, कारण अबोला मला जड जात होता आणि तुम्हाला नाही. पण माझी खोड गेली नव्हती. तुम्हाला न सांगता मी पुढच्या यादीत, बावीसनं भागल्यावर एक उरणाऱ्या सगळ्या संख्यांना पेन्सिलीनं बारीक टिंब देऊन ठेवलं. तुटला तर टिंबावरच तुटेल, आणि मग मी तुम्हाला दाखवेन, असा बेत होता. त्या टिंबांबद्दल मी तुम्हाला कधी बोलले नाही. तुम्हाला ती दिसली असणार, तुम्हाला काय दिसत नव्हतं?

आणि मग गेल्या साली मळणीतला तो दिवस. सकाळपासून तुम्ही तीन खळ्यांवर माप घातलं होतं. शाळेवरून ऐकू येत होतं, लाभ, दोन, तीन, चार, कारण तुम्ही माप घालताना दुसरं कुणी बोलत नाही. पाचला तुम्ही आलात ते डोक्यावर भुसा घेऊनच. मी म्हटलं, आज राहू द्या. तुम्ही म्हणालात, दोनच तर हायेत. पहिली सहज झाली. दुसरी होती एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. तुम्ही भागलंत, थांबलात, डोळे चोळलेत आणि म्हणालात, "बाई, लाभ उरला."

आठवतं मी काय केलं? टाळ्या वाजवल्या. तीन वर्षांच्या पोरीसारख्या. नऊ हजार एक्क्याण्णवनंतर पहिल्यांदा गूळ. मी घाईघाईनं ताळा केला, गुणाकारात रांगेनं सगळे एकच एक आले, शेवटच्या शून्यावर बाकी मिळवल्यावर तिथंही एक आला, आणि मी लाल शाईनं खूण केली, नेहमीपेक्षा मोठी. तुम्ही खडा फोडलात. गूळ त्या दिवशी ताजा होता, त्याचा ओला डाग कागदावर पडला. मावशींना बोलावून त्यांनाही दिला. गावातल्या लोकांना वाटलं असेल, शाळेत काय बारसं आहे की काय.

त्यानंतर, लावणी-सुगीचे खंड धरून, आपण सहाशेच्या वर भागाकार केले. यंदा माघात तुम्ही अंथरुणाला खिळलात. शेवटच्या आठवड्यात मी वही घेऊन तुमच्या उशाशी बसायचे, तुम्ही आकडे सांगायचात आणि मी लिहायचे. अठ्ठावीस हजार एक झालं, बाकी आली, लाभ नव्हता, आणि तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं झोपलात.

"बाई, तुटला न्हाई ना अजून?"

"नाही आबा. तुटेल."

"माजं माप कुटं चुकलं तर न्हाई?"

"एकही नाही," मी म्हटलं. "मी सगळं तपासलंय."

तुम्ही मान हलवलीत. ओसरीवर पहिल्या दिवशी हलवली होतीत तशीच.

आता ती दुसरी तक्रार. काल संध्याकाळी मी एकटी बसले ती अठ्ठावीस हजार एकच्या पुढची संख्या घेऊन. हात चालेना. म्हणून मागची वही काढली, नुसती चाळायला, तुमचं अक्षर बघायला. गुळाचा डाग असलेलं पान लागलं. सातवा लाभ. मला हसू आलं, आणि हसता हसता एकदम आठवलं, की अहो, सातवा लाभ असूच शकत नाही.

सांगते, ऐका. अकरा एकांना भागून एक उरतो, म्हणजे तो उरलेला एक काढून टाकला तर पुरता भाग जातो. काढून टाकला की राहतात दहा एक आणि पुढं शून्य. म्हणजे दहा एकांची दसपट. त्या दहा एकांचे तुकडे मीच माझ्या हातानं फळ्यावर मांडले होते, तुम्ही पहिल्यांदा आलात त्या दिवशी. अकरा, एकेचाळीस, दोनशे एकाहत्तर, नऊ हजार एक्क्याण्णव. आणि दसपटीमुळं दोन आणि पाच. झाले सहा. लाभ देणाऱ्या मूळसंख्या सहाच, सातवी नाहीच. हे मला तेव्हा टाळ्या वाजवताना सुचलं नाही, नंतर वर्षभरही सुचलं नाही. तेराव्याच्या दिवशी सुचलं.

मी पान उजेडाकडे धरलं आणि तुमच्या भागाकारातले वरचे एक बोटानं मोजले. बारा होते, आबा.

अकरा मांडून झाल्यावर तुम्ही एक जास्त मांडला होतात, बाकीच्यांपेक्षा किंचित लांब. दिवसभर खळ्यावर माप घालून आलेला हात तो. माप पुरं झाल्यावर वर मूठ टाकल्याशिवाय त्याला चैन पडणार थोडंच. आणि मी? ताळ्यात बारा एक आले आणि मी ते मोजले नाहीत. सगळे एकच एक बघितले आणि खूण केली. पोरांना मी रोज ओरडते, हातचे मोजा, शून्यं मोजा. मुद्दाम सांगायची गोष्ट म्हणजे यादीत, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासच्या डोक्यावर, माझं पेन्सिलीचं टिंबही आहे.

मी तो बारावा एक अंगठ्यानं झाकला. त्याच्या आधीच्या पायरीला बाकी होती शून्य.

मग मी नव्या कागदावर अकरा एक मांडले, मोठ्यानं मोजत. लाभ, दोन, तीन, अकरापर्यंत. भागलं. पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस, बाकी काही नाही. उलट गुणून बघितलं, तीनदा. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. मग मी त्या ओसरीवर बसून रडले आणि मधूनच हसले, आणि शाळेसमोरून जाणाऱ्या एका बाईनं मला पाणी हवं का म्हणून विचारलं.

रागही आला. तुम्ही उशाशी बसवून मला सरळ विचारलं होतंत, माप चुकलं तर नाही, आणि मी छाती पुढं काढून सांगितलं, एकही नाही. तेव्हा मी एकदा, एकदाच, मागची पानं उलटली असती तर तुम्ही जाताना हे घेऊन गेला असतात. चार वर्षांची मेहनत सार्थकी लागलेली, आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही. हे मला लागलं, आबा. अजून लागतंय. गेल्या साली मळणीनंतरचे ते सहाशे भागाकारही वाया गेले, असं मी क्षणभर म्हटलं. मग वाटलं, ते सहाशे म्हणजे सव्वा वर्षाच्या संध्याकाळी होत्या. तुटल्याचं त्याच दिवशी कळलं असतं तर तुम्ही पाचला कशाला आला असतात?

आज सकाळी वही घेऊन मी तुमच्या घरी गेले. मावशी पडवीत सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. कसं सांगावं हे वाटेत ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते सरळच.

"मावशी, आबांचं एक माप चुकलं होतं."

सूप थांबलं. त्यांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर गावानं धान्य वाटून घेतलं त्याच्या बायकोला, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, मी हे सांगत होते.

"कुनाचं?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं नाही. आपल्या आकड्याचं. वहीतलं."

"कमी पडलं?"

"नाही. एक जास्त पडलं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि सूप पुन्हा हलायला लागलं. "मंग त्ये चुकलं कसं म्हनायचं, बाई? वरची मूठ मापात धरत न्हाईत."

मी ते पान त्यांच्यापुढं धरलं. त्यांना वाचता येत नाही, पण गुळाचा डाग त्यांनी लगेच ओळखला. मी बारावा एक झाकून खालचं शून्य दाखवलं.

"म्हंजी तुटला?"

"तुटला, मावशी."

"कवा?"

"गेल्या मळणीत. आपण गूळ खाल्ला त्याच दिवशी."

मावशींनी पदरानं डोळे पुसले आणि मग अशा हसल्या की सुपातले तांदूळ सांडले. "बगा, गूळ बरोबर दिवशीच खाल्ला की," म्हणाल्या. आत जाऊन खडा घेऊन आल्या. मी म्हटलं, आज बाकी शून्य आहे मावशी, लाभ नाही. त्या म्हणाल्या, खावा गुमान. मी खाल्ला. मग त्यांनी माझ्या हातातली वही बोटानं ठोकली.

"पर ह्ये त्यास्नी कोन सांगनार?"

म्हणून हे लिहायला बसले. माझी लाल खूण मी खोडली आहे आणि तिच्याखाली माझ्यासाठी शेरा लिहिला आहे, तपासणारीने मोजले नाही. तुमचा बारावा एक मात्र तसाच ठेवला आहे. आबा, तुटला. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं तुटला, आणि तुमच्याच हातानं तुटला.